नको झालेल्यांची यादी

चूचूची गाणी. नातीची पहिली आवड, म्हणून यादीतही पहिली. चेन्नईच्या विनोद चंदर यांनी २०१३ साली आपल्या लेकीसाठी एक बालगीत हलत्या चित्रांत बसवलं. चूचू हे तिचं घरातलं लाडाचं नाव. त्यातून यूट्यूबवरचं ‘चूचू टीव्ही’ उभं राहिलं. आमच्याकडे ही गाणी आली ती नात सव्वा वर्षाची असताना, आणि आली ती नखं कापण्यासाठी. एवढ्या लहान मुलांना पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभराच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. आयुष्य बालवाडीत गेलं असल्यानं मला ते मनापासून पटतं. पण वळवळणाऱ्या बोटांची नखं कापणं अवघड. तेव्हा दोन गाणी, एकेका हाताला एक, एवढी सूट सुनेनं आणि मी मिळून ठरवली.

त्या गाण्यांबरोबर गेलेला हात. गाणं लागलं की ती न बघता उजवा हात माझ्या मांडीवर ठेवून द्यायची. तळवा खाली, बोटं सैल. नखांत खेळायला दिलेली कणीक अडकलेली असायची. नेलकटरचा चाप दाबला की बोट जरासं आत ओढलं जायचं, नजर मात्र पडद्यावरच. गाणं संपलं की तो हात आपणच उचलून घ्यायची आणि डावा पुढे करायची. आता ती चार वर्षांची आहे. प्रत्येक बोटाची वाटाघाट होते, करंगळी शेवटी ठेवावी लागते, कापलेलं नख तिला हातात घेऊन बघायचं असतं. हेही हवंच. पण न मागता मिळायचा तो हात नोंदीतून सुटू नये.

गुडघ्यांतला नाच. दिवाणाची कड धरून, पाय न उचलता, नुसतं खाली-वर. चालायला लागल्यावर महिनाभरात बंद झाला. मोबाइलमध्ये चित्रण आहे, ते दाखवलं तर म्हणते, “हे दुसरं बाळ आहे.”

मधूनच सुरू झालेलं गाणं. सुरुवातीला गाणं कुठूनही लागलं तरी तिला चालायचं. शेवटून लागलं, अर्ध्यात तुटलं, एकच तुकडा दोनदा आला, तिची काही तक्रार नसे. मला वाटलं, हे आमच्याच पोरीचं असेल. पुढे वाचनात आलं की मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. त्यांनी ‘टेलिटबीज’ या बालमालिकेचे तुकडे घेतले. काही जसेच्या तसे ठेवले, काहींत दृश्यांचा क्रम विस्कटला, काहींत बोलणं उलटं लावलं. सहा महिन्यांची आणि वर्षाची बाळं सगळं सारखंच बघत राहिली. दीड आणि दोन वर्षांची मुलं मात्र सरळ असलेलंच जास्त वेळ बघायची, विस्कटलेल्यावरून त्यांची नजर लवकर निघायची. आमच्याकडे तो दिवस मला लख्ख आठवतो. पावसाळी दुपार होती, नेट अडखळत होतं, गाणं मधलं कडवं टाकून पुढे गेलं. ती माझ्याकडे वळली आणि दोन्ही हात पालथे करून दाखवले. गेलं कुठे? आधी काय आणि मग काय हे तिला त्या दुपारपासून कळू लागलं. त्याच्या आधीचं, सगळं एकदमच असलेलं तिचं जग तेव्हा संपलं.

मान वळवणं. या यादीतली मला सगळ्यांत प्रिय नोंद हीच आहे, म्हणून थोडी लांबेल.

अमेरिकेत मुलांसाठीचं ‘सेसमी स्ट्रीट’ १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालं. त्याआधी एडवर्ड पामर या संशोधकानं मुलांना टीव्हीसमोर बसवलं आणि बाजूला स्लाइड दाखवणारं यंत्र ठेवलं. दर साडेसात सेकंदांनी त्यावर नवं चित्र यायचं. टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना मूल कधी तिकडे बघतं, याची तो बारकाईनं नोंद करायचा. जिथं मुलांच्या माना वळल्या तो भाग कच्चा ठरायचा, मग तो सुधारायचा नाही तर काढून टाकायचा. पुढे पन्नासएक वर्षांनी, ‘कोकोमेलन’ ही बालगीतांची मालिका ज्यांच्या हातात आहे त्या लंडनच्या मूनबग कंपनीनं हीच युक्ती वापरली. तिथं मुलाच्या शेजारी एक छोटा पडदा असतो. त्यावर कुणी कॉफी ओतून घेतंय, कुणाचे केस कापले जातायत, अशी घरातली साधी दृश्यं चालू असतात. मूल तिकडे वळलं की कार्यक्रमाचा तेवढा भाग आणखी आकर्षक करायचा. पामरच्या मंडळींना गरीब घरांतल्या मुलांपर्यंत अक्षरं आणि आकडे पोचवायचे होते, म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. दुसऱ्यांबद्दल तसं म्हणवत नाही. पण दोन्हीकडे मुलाची वळलेली मान हा दोषच धरला गेला.

माझ्या वहीत त्याच माना लिहिलेल्या आहेत. नात सव्वा-दीड वर्षाची असताना गाणं चालू असूनही कशाकशाकडे वळायची: कुकरची शिट्टी. खिडकीच्या ग्रिलवर उतरलेलं कबुतर. खालून येणारी भंगारवाल्याची हाक. आजोबांची शिंक. तव्यावर फुगणारी पोळी. तिला आवाज नसतो, तरी ती कशी कळायची कोण जाणे. डोअरबेल. शेजारच्या काकूंच्या फोडणीचा वास. लाइट गेल्यावर थांबलेला पंखा.

दोन वर्षांची होईपर्यंत ही यादी आखडत गेली. आधी कबुतर गेलं, मग फोडणी. कुकर बराच काळ टिकला. कोकोमेलन घरात आलं तेव्हा कुकरही गेला, आणि म्हणून कोकोमेलन आम्ही बंद केलं. ते तिनं सोडलेलं नाही, आम्ही काढलेलं आहे. त्यातलं चित्र इतकं भराभर बदलतं की मान वळवायला फटच सापडत नाही. दोन-तीन दिवस रडारड झाली. मग तेही मागे पडलं.

पोकोयो. कोकोमेलनच्या जागी सुनेनं शोधून आणलेला. हा मूळचा स्पेनमधला, माद्रिदच्या झिंकिया कंपनीचा, २००५ पासूनचा. निळे कपडे घातलेला एक छोटा मुलगा, गुलाबी हत्तीण एली, पिवळा बदक पातो. मागे काही नाही. घर नाही, झाड नाही, आकाश नाही. सगळं पांढरं. माझ्या मते मुलांसाठी केलेल्या कामात इतका धीर फार थोड्यांनी दाखवला आहे. पांढऱ्यावर एक चेंडू असला की मूल चेंडूच बघतं. शिवाय निवेदक पोकोयोशी बोलतो, त्याला विचारतो, आणि विचारल्यावर थांबतो. इंग्रजीत तो आवाज स्टीफन फ्राय यांचा. त्या थांबण्यात आमची नात बोलायला शिकली, असं मी जबाबदारीनं म्हणेन. निवेदकानं विचारलं की ती पडद्याकडे बोट करून “तो बग!” म्हणायची. इंग्रजी प्रश्नाला मराठी उत्तर, आणि ते बरोबर असायचं.

मान वळणंही परत आलं. पोकोयो झोपला की ती उठून खिडकीशी जायची, खाली बघून यायची.

अडीच वर्षांची झाली आणि पोकोयो गेला. भांडण नाही, कंटाळ्याचा सूर नाही. एके संध्याकाळी लावला तर ती उठून आपले ठोकळे घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवसापासून आम्ही लावला नाही.

थॉमस. थोडेच दिवस. आगगाड्यांना तोंड असलेली ती ब्रिटिश मालिका १९८४ ची, सुरुवातीचं निवेदन बीटल्समधल्या रिंगो स्टार यांचं. तेव्हा खरी छोटी इंजिनं खऱ्या छोट्या रुळांवरून चालवून चित्रण करत. पुढे ते थांबलं आणि सगळं संगणकावर होऊ लागलं. २०२१ पासून तर थॉमस सपाट चित्रातलाच झाला. नातीला जुनाच आवडायचा, कारण त्याच्या चाकांखालची खडी खरी दिसते. डोंबिवली स्टेशनवर तिनं विचारलं होतं, “आजी, या गाडीला तोंड का नाही?” समोर कल्याण लोकल उभी होती. आता लोकल ही लोकलच आहे.

न बोलणारा भीम. ‘मायटी लिटल भीम’, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला. ‘छोटा भीम’ काढणाऱ्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचाच हा, पण यातला भीम रांगत्या वयाचा आहे आणि कुणीच काही बोलत नाही. लाडू दिसला की निघाला, एवढंच त्याचं जगणं. शब्द नसल्यानं जगात कुठंही चालतो. आमच्याकडे मात्र शब्द नव्हते म्हणूनच घरभर शब्द झाले. आजोबा आणि नात शेजारी बसून मोठ्यानं गोष्ट सांगायचे. “आता तो बाजारात गेला.” “पडला!” “अगं पडला नाही, लपला.” आजोबा इतकं बोलणारे नाहीत. भीम मागे पडला तसं ते दोघांचं बोलणंही कमी झालं. आजोबा पुन्हा पेपर वाचू लागले. ही नोंद करताना मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

पेप्पा पिग. ही सगळ्यांत जास्त टिकली. लंडनमध्ये २००४ मध्ये सुरू झालेली, पाच-पाच मिनिटांची. डुकरीण, तिचा धाकटा भाऊ जॉर्ज, आई, बाबा आणि चिखल. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात जूनमध्ये डबकं साचतं. त्या डबक्याला पेप्पामुळे मान मिळाला. लाल गमबूट आले. सुनेला धुणं वाढलं, पण तिनं कधी अडवलं नाही, आणि त्यासाठी मी तिचं कौतुक करते.

पेप्पाचं कुटुंब वाक्याच्या शेवटी नाकातून आवाज काढतं. नातीनं तो उचलला. “आजी, मला दूद दे, ह्रूंक.” “बाबा आला, ह्रूंक.” पाहुण्यांना वाटायचं पोरीला सर्दी झाली आहे. विनंती आणि बातमी या दोन्हींच्या शेवटी तो यायचा, रडताना यायचा नाही, आणि झोपेत एकदा आला होता. आपल्या भाषेत पूर्णविरामाला आवाज नसतो, तिच्या मराठीला काही महिने होता. तो कधी थांबला ते मला नेमकं सापडलं नाही. अशा गोष्टींचा पहिला दिवस कळतो, शेवटचा कळत नाही. त्यांचं जाणं आठवड्याभरानं ध्यानात येतं आणि तोवर घरानं त्यांच्याशिवाय चालायला सुरुवात केलेली असते.

पेप्पा चार वर्षांची आहे. २००४ पासून चारच वर्षांची. तिला आवाज देणाऱ्या मुली मात्र वाढत जातात. हार्ले बर्ड या मुलीनं २००७ मध्ये हे काम घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. २०२० मध्ये सोडलं तेव्हा अठरा. तिच्याआधी दोघींनी ते केलं होतं, तिच्यानंतर अमेली बी स्मिथ आली. नातीचा चौथा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, “आता मी आणि पेप्पा सारख्या.” मग थोडा विचार केला. “पुढच्या वाढदिवसाला ती लहान होणार.” पेप्पा मागे पडायला सुरुवात झाली ती त्या हिशेबापासून.

लाल गमबूट एका ड्रायव्हरच्या मुलीला दिले. तिला बसतात.

पुन्हा. म्हणजे माशाची लापशी. ‘माशा आणि अस्वल’ ही रशियन मालिका २००९ मध्ये सुरू झाली. त्यात एका भागात माशा लापशी शिजवायला घेते आणि ती इतकी होते की भांडी पुरत नाहीत. यूट्यूबवर हा एकच भाग चारशे कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला आहे. त्यातला आमच्या घराचा वाटा बराच असणार. रोज तोच. दुसरा लावला तर नको, तोच. सून काळजीत पडली होती. मी तिला सांगितलं, बघू दे.

कारण मुलाला जे पुन्हा हवं असतं त्याचं पुरेपूर कारण असतं. निकलोडियन वाहिनीनं १९९६ मध्ये ‘ब्लूज क्लूज’ सुरू केलं तेव्हा सोमवारी दाखवलेला भाग शुक्रवारपर्यंत रोज तोच दाखवला. पाच दिवस, एकच भाग. टीव्हीच्या धंद्यात हे वेडेपण वाटावं असं. पण अँडरसन यांचा इथेही हात होता, आणि अभ्यासात दिसलं की मुलं पुनःपुन्हा पाहून कंटाळत नाहीत, उलट गोष्ट त्यांना जास्त कळते आणि ती पडद्याला मोठ्यानं उत्तरं देऊ लागतात. पहिल्या दिवशी मूल बघतं, पाचव्या दिवशी सांगतं. बालवाडीत तीच गोष्ट रोज सांगताना मी हे पाहिलेलं आहे. सिंहाची गोष्ट पाचव्यांदा ऐकताना मुलं सिंहाच्या आधी डरकाळी फोडायची. लापशीच्या भागात आमची नात भांडं उतू जायच्या आधी “आलं, आलं!” म्हणायची, नंतर नंतर तर माशा चूल पेटवण्याच्या आधीच.

ते “पुन्हा” आता गेलं. परवा मी आपणहून विचारलं, लापशी लावू? “आजी, ते माहितीये ना मला.”

लांडगे. त्याच मालिकेतले. दोन हडकुळे लांडगे जंगलात एका जुन्या रुग्णवाहिकेत राहतात. वाईट नाहीत, भुकेले आहेत, आणि माशाला घाबरून असतात. पण नातीला ते चालत नसत. रुग्णवाहिका दिसली की उठून माझ्या पाठीशी यायची, पदराची कड तोंडावर धरायची आणि विचारायची, “गेले?” मी सांगायचं, “नाही अजून.” “आता?” “आता गेले.” मग पुढे. ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवून डोळे उघडायची. गेल्या दिवाळीपासून लांडगेच हवे असतात, त्यांनाच ती सगळ्यात जास्त हसते. पाठीमागची जागा रिकामी आहे.

ठरलेली वेळ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्यावर मुलांसाठी ‘किलबिल’ लागायचं. चाळीत टीव्ही एकाच घरी, आम्ही सगळी पोरं हातपाय धुऊन त्यांच्या दारात. नातीच्या बाबाचा रविवार ‘जंगल बुक’चा, १९९३ नंतरचा. ते चुकलं की आठवडाभर चुकलं. नातीचं काहीच चुकत नाही. तिला वाट बघावी लागत नाही, आणि वाट बघण्याचं जे शिक्षण आम्हाला फुकट मिळालं ते आता घरच्यांना मुद्दाम द्यावं लागतं. आमच्याकडे संध्याकाळी सहाला, दिवा लावल्यावर, अर्धा तास. ती वेळ आम्ही केलेली आहे, दूरदर्शननं दिलेली नाही.

निरोप. ‘टेलिटबीज’ तिनं फार पाहिलं नाही, पण त्याचा शेवट तिला फार आवडायचा. चौघं एकेक करून निरोप घेतात, खाली जातात, पुन्हा डोकं वर काढतात, पुन्हा निरोप. सूर्यात बाळाचा चेहरा असतो, तो मावळतो. मोठ्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. छोट्याला नाही, कारण संपलेलं कळायला त्याला तेवढा वेळ लागतो. तिनं हात हलवला की आम्ही टीव्ही बंद करायचो. एकदाही रडली नाही. आताच्या मालिकांत शेवटची पाटी दिसायच्या आत कोपऱ्यात आकडे उलटे मोजू लागतात आणि पुढचा भाग सुरू होतो. मुलाला निरोप घ्यायला मिळत नाही, मग तो हात रिमोटच्या हिसकाहिसकीत जातो. ही सोय ज्यांनी केली त्यांनी मुलांचा विचार केला नाही, हे मी स्पष्ट लिहिते. सुनेनं सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी ती आजच बंद करावी.

टेलिटबीजचं ते हिरवंगार कुरण इंग्लंडमध्ये वॉरिकशरमधल्या एका शेतात होतं. चित्रीकरण संपल्यावरही माणसं कुंपण ओलांडून बघायला यायची, तेव्हा मालकांनी त्या जागी पाणी सोडून तळं केलं.

तिच्या मराठीतली एक जागा. तीन वर्षं उलटली आणि ‘छोटा भीम’ आला, २००८ पासून चालणारा, ढोलकपूरचा, बोलणारा. बोलतो हिंदी. “टुनटुन मौसी, एक लड्डू दो ना,” हे तिचं पहिलं हिंदी वाक्य. सुरेख म्हणाली. पण त्यानंतर खेळताना बाहुल्या हिंदी बोलू लागल्या. भातुकलीत पाहुणे आले की हिंदी, भांडण झालं की हिंदी. आम्हाला उत्तर मराठीत, पण खोटं-खोटं सगळं हिंदीत. तमिळला चुट्टी, तेलुगूला कुशी, मल्याळमला कोचू अशा मुलांच्या वाहिन्या उभ्या राहिल्या. नातीच्या दोन ते चार या वयात, ज्या वयात गोष्टीची भाषा बसते, तिच्या वाट्याला मराठीत जन्मलेली एकही मालिका आली नाही. जी आली ती दुसऱ्या भाषेत जन्मलेली. मला हिंदीचा राग नाही. पण बाहुलीला झोपवताना ती “सो जा” म्हणते तेव्हा मला बोचतं. आधी ती “गाई गाई कर” म्हणायची. ते शब्द वहीत आहेत.

ओळख. यादी करता करता एक दिवस मी तिला पोकोयो दाखवला. तिला तो आठवतो का, हे बघायचं होतं. महिनोन्महिने जो रोजचा सोबती होता त्याच्याकडे ती सभ्यपणे बघत राहिली. “हा कोण आहे?” मी सांगितलं. “छान आहे. बाळांसाठी आहे का?” एली हत्तीण ओळखली नाही. पातो ओळखला नाही.

माणसाला मोठेपणी साधारण साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काही आठवत नाही. पण ते नेमकं कधी निसटतं? एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बाउअर यांनी तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयुष्यातल्या घटनांबद्दल बोलून ठेवलं आणि काही वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यातलं निम्म्याहून जास्त आठवत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे आठवणी असतात, मग झिजतात. ज्या आया मुलांना “अजून सांग” म्हणत बोलू देत, त्यांच्या मुलांकडे जास्त राहिलं, असंही त्यांना दिसलं. हे वाचल्यापासून मी नातीला दुरुस्त करणं सोडलं आहे. ती म्हणाली की लांडगे बसमध्ये राहतात, तर बसमध्ये. “मग बसमध्ये काय होतं?” एवढंच विचारते.

तरी पोकोयो गेला तो गेला. तिनं ज्यांच्यावर पहिलं प्रेम केलं त्यांच्याविषयी तिला कधीच काही सांगता येणार नाही. ते सांगायला आम्ही तिघं-चौघं आहोत. म्हणून ही वही.

आवाजाची नक्कल करणारे आजोबा. भीमाचा “हं!” आजोबा काढायचे. आता कुणी काढायला सांगत नाही.

ब्लुई. सध्या चालू आहे, तेव्हा खरं म्हणजे या यादीत नको. पण लिहून ठेवते. मेलबर्नच्या मावशीनं सुचवली. २०१८ मध्ये सुरू झालेली, ब्रिस्बेनमध्ये बनवलेली, जो ब्रम यांची. निळं पिल्लू ब्लुई, धाकटी बिंगो, आई चिली, बाबा बँडिट. सात मिनिटांत एक खेळ. यात ज्या मुलांचे आवाज आहेत त्यांची नावं मुद्दाम जाहीर केलेली नाहीत, आणि हे मला फार भावलं. त्या मुलांना आपलं लहानपण आपल्यापुरतं ठेवता येतं.

या मालिकेचा गुण असा की ती संपायच्या आत नात उठते. एका भागात घरातले सगळे मिळून फुगा जमिनीला टेकू न देण्याचा खेळ खेळतात. तो भाग आमच्याकडे पूर्ण कधीच पाहिला जात नाही. फुगा दिसला की ती बाबाला ओढते. बाबा ऑफिसातून आलेला, बूटसुद्धा काढलेले नसतात. “बाबा, खाली पडू द्यायचा नाही!” पंखा बंद करायचा, दिवाण भिंतीला सरकवायचा. पडद्यावर ब्लुई एकटीच खेळत असते.

बाबाचं गुडघे दुखतात म्हणणंही मी लिहून ठेवलं आहे.

जूनपासून ती शाळेत जाईल, दुपारी माझ्याकडे नसेल. पुढची पानं सुनेनं लिहायची असं ठरलं आहे. तिनं पहिली नोंद केलीसुद्धा: “डोरेमॉन. मोठ्या चुलतभावाकडून. हिंदीत. मला अजून आवडलेलं नाही, पण तिच्याबरोबर बसून बघते आहे.”